मिशनवाल्यांनी नेलेली पोरं

आमच्या कामात कुणी चहा पुढे केला, की तो का केला याचा विचार आधी करायचा असतो. वीटभट्टीवरचा मुकादम सावलीत खुर्ची टाकतो, "बसा ना सिस्टर, घाई काय आहे" म्हणतो, तेव्हा भट्टीच्या मागच्या अंगाने पोरं पांगवली जात असतात. तुमचा चहा संपेपर्यंत तिथे एकही पोर उरत नाही. त्यामुळे घरी चहाशिवाय न हलणारी मी, सिन्नरपासून घोटीपर्यंत चहा न पिणारी बाई म्हणून ओळखली जायचे.

निवृत्त झाल्यावर बहीण म्हणाली, "मार्था, आता तरी माणसांवर विश्वास ठेवायला शीक." प्रयत्न चालू आहे. पण दिवाळी अंकासाठी "तुमच्या सेवेविषयी लिहा" असा संपादकांचा फोन आला, तेव्हा मनात पहिला विचार आला तो हाच, की यांना नक्की काय हवंय?

तर सेवा हा शब्द बाजूला ठेवते आणि काम काय होतं ते सांगते. नाशिकमधल्या आमच्या लहानशा चर्चचं मुलींचं एक वसतिगृह आहे. त्याला जोडून दुसरं एक काम चालायचं, मजुरीला जुंपलेली मुलं शोधायचं. भट्टीवरची, हॉटेलांतली, मेंढ्यांमागची. मी त्या कामावरची कार्यकर्ती. मी नन नाही, नर्सही नाही, तरी पहिल्या दिवसापासून सगळे सिस्टर म्हणत आले, नवऱ्याचे मित्रसुद्धा. माझ्याबरोबर दौलत असायचा. तो पेठकडचा. जीप चालवायचा, आणि डोंगरातली बोली त्याची घरची होती.

लोकांना वाटतं, आम्ही मुलं सोडवून आणतो. तसं नसतं. आपल्या मनाने मुलाचा हात धरून जीपमध्ये बसवलं तर तो अपहरणाचा गुन्हा होतो. आम्ही बघायचं, ऐकायचं, खात्री करायची आणि सरकारला कळवायचं. मग कामगार खात्याचे साहेब येतात, पोलीस येतात, मूल बालकल्याण समितीपुढे जातं आणि समिती सांगेल तिथे राहतं. कधी आमच्याकडे, कधी सरकारी बालगृहात. म्हणजे आमच्या हातात काय असतं? नुसता संशय.

तो घ्यायचीही रीत असते. मुलाला "तू इथे काम करतोस का?" असं कधी विचारायचं नाही. त्याचं उत्तर त्याला आधीच पढवलेलं असतं. घोटीजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात एक पोरगा टेबलं पुसत होता. मालक म्हणाला, "पुतण्या आहे माझा, सुट्टीला आलाय." मी पोराला म्हटलं, "अरे वा! मग काकू काय काय करून घालते?"

पोरगा गोंधळला. "कोण काकू?"

"यांची बायको रे."

"ती शेठाणी हाय," पोरगा म्हणाला. "ती नाय येत इकडं."

मालकाने लगेच चहा मागवला.

आम्ही सगळ्यांवर संशय घ्यायचो आणि सगळे आमच्यावर. मालकाला वाटायचं ही बाई हप्ता मागायला आली. पोलीस विचारायचे, "आजवर किती लोक ख्रिस्ती केले?" आणि रविवारी चर्चमधून बाहेर पडताना आमचेच एखादे वडीलधारे विचारायचे, "एवढी मुलं आली, बाप्तिस्मे किती झाले?" दोघांनाही मी एकच उत्तर द्यायचे, "एकही नाही." दोघांचाही विश्वास बसायचा नाही.

भाऊसाहेब मला भेटला तो याच भांडणात. सिन्नर तालुक्यातल्या एका गावात टोमॅटो आणि कांदा करणारा शेतकरी. गावातलं मंडळ त्याच्या शब्दावर चालायचं. त्या गावाच्या शिवेवरच्या भट्टीवर आम्ही रविवारी दुपारी जायचो. पोरांशी खेळायचं, थोडी अक्षरं गिरवायची, गाणी म्हणायची, मुरमुऱ्याचे लाडू वाटायचे आणि कोण काम करतंय ते डोळ्यांनी टिपायचं. एका रविवारी जीपच्या पुढे माणसं आडवी उभी राहिली. सगळ्यात पुढे भाऊसाहेब. त्याने माझ्या हातातलं गाण्यांचं पुस्तक काढून घेतलं.

"पोरांना लाडू देऊन गाणी म्हणून घ्यायची," तो म्हणाला, "आन उद्या पाण्यात बुडवून नावं बदलायची. आम्ही काय येडे हाय का?"

आम्हाला पोलीस ठाण्यात नेलं. संध्याकाळ होईस्तोवर बाकावर बसवून ठेवलं आणि तंबी देऊन सोडलं. दौलतचा सदरा फाटला होता. मला राग आला होता, पण एक गोष्ट तेव्हाही कळत होती. आमच्या गाण्यांत येशूचं नाव होतं, ते आम्ही लपवलंही नव्हतं. परकी माणसं गरिबाच्या पोरांना फुकट खाऊ देताना दिसली असती, तर "का?" असं मीही विचारलं असतं. विचारतच तर आले होते आयुष्यभर. भट्टीवरचं आमचं जाणं मात्र त्या दिवशी बंद पडलं, आणि ते मुकादमाच्या पथ्यावर पडलं.

पुढे काही महिन्यांनी माझा फोन वाजला.

"सिस्टर का? मी भाऊसाहेब. वळखलं का?"

"आवाज विसरायची सोय कुठे ठेवलीत तुम्ही?"

तो हसला नाही. "माझ्या वावरात मेंढ्या बसवल्यात. त्यांच्यामागं एक पोर हाय. ल्हान हाय, नऊदहा वर्षांची आसंल. ती त्यांची नाय. तुम्ही या."

"पोलिसांना का नाही सांगत?"

"मला गावात राहायचंय. या तुम्ही." फोन बंद.

मेंढ्या बसवणं म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पीक निघून शेत रिकामं झालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो. जाळीचं कुंपण लावून मेंढ्या शेतात बसवतात, लेंड्यांचं खत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं. बहुतेक मेंढपाळ आपल्या बायकामुलांसह फिरतात, कष्ट करतात, त्यात वावगं काही नाही. पण एखाद्याकडे माणूस कमी पडतं, तेव्हा डोंगराकडच्या पाड्यावरून पोर आणलं जातं. आईबापाच्या हातावर थोडी उचल आणि एखादं कोकरू ठेवलं की पोर मेंढ्यांमागे लागतं. मग ते कुठल्या तालुक्यात आहे हे आईलाही कळत नाही.

मी दौलतला फोनचं सांगितलं. तो म्हणाला, "सापळा हाय, सिस्टर." मलाही तेच वाटत होतं. मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ त्या दिवसांत प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरत होते. रानात एकट्या पोरीशी बोलताना आम्ही सापडलो असतो तर कुणी काही विचारायला थांबलं नसतं. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणाले, "जाऊ नका. तो मनुष्य तुमचं भलं चिंतणारा नाही." कामगार खात्याच्या साहेबांना कळवलं, तर ते म्हणाले, "पण त्याने तुम्हालाच का फोन केला?" शेवटी असं ठरलं, की मी भरदिवसा जाऊन नुसतं बघून यायचं. खरं वाटलं तर साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस घेऊन येतील.

भाऊसाहेब बांधावर उभा होता. एकटाच. मी आजूबाजूला गर्दी शोधत होते, ती नव्हती. त्याच्या बायकोचं नाव सिंधूबाई. ती घराच्या ओट्यावर कांदे निवडत बसली होती. तिने मान वर केली, आम्हाला नीट बघून घेतलं आणि परत कांद्यांत हात घातले. चहाचं विचारलं नाही. मला जरा बरं वाटलं.

मेंढपाळाचं नाव नामा. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, बोलायला गोड. आपण मेंढ्या बसवायचा भाव विचारायला आलोय असं आम्ही सांगितलं. जाळीजवळ एक पोर कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, गुडघ्याखालपर्यंत आलेला.

"लेक का?" मी विचारलं.

"साडूची पोर," नामा म्हणाला. "तिकडं खायचे वांधे, म्हणून आणली. आमच्या पोरांत खेळती."

नामाची पोरं पलीकडे खेळत होती. ही एकटी होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. "कोकराला काय झालं गं?"

"ताप हाय त्याला."

"आणि तुला?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि नामाकडे बघितलं. मग दौलत उकिडवा बसला आणि डोंगराकडच्या बोलीत कोकराला काहीतरी म्हणाला. पोरीला नव्हे, कोकराला. पोरीची मान झटकन वळली. ती बोली तिने कितीतरी दिवसांत ऐकली नसावी. तिने हळूच विचारलं, "तू माझे आयसकडला का?" आयस म्हणजे आई. मेंढपाळाच्या साडूची पोर आईला आयस म्हणत नाही.

नामाने ते ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरचा गोडवा तसाच राहिला, फक्त डोळे बदलले. "चंद्री, मेंढ्या वळव," तो म्हणाला. पोर कोकरू ठेवून उठली. उठताना शर्ट वर सरकला आणि पोटरीवरचे वळ मला दिसले. काही जुने होते, काही ओले.

घराकडे येताना भाऊसाहेबाने मला गाठलं. "बघितलं ना? आता घेऊन जा."

"आज नाही नेता येत. उद्या साहेब येतील, पोलीस येतील."

"उद्या?" तो भडकला. "त्याला वास लागलाय. उद्यापर्यंत तो दुसऱ्या तालुक्यात आसंल. तुम्हाला गाणी म्हणायला टाईम आसतो, आन पोर उचलायला कायदा आठवतो व्हय?"

"आज मी तिला नेलं आणि तुम्हीच पोलिसांना सांगितलंत, की मिशनवाल्या बाईने पोर पळवली, तर?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. हे त्याला खरंच सुचलं नव्हतं, की सुचलं होतं आणि मी आधी बोलले, ते मला आजही सांगता येणार नाही.

"मी थांबवतो त्याला," तो शेवटी म्हणाला. "आजून एक वावर देतो बसवायला. पण उद्या आला नाय तर याद राखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, दोन पोलीस, दौलत आणि मी पोहोचलो, तेव्हा वावर मोकळं होतं. जाळी नाही, मेंढी नाही. ओल्या लेंड्या आणि विझलेली चूल. भाऊसाहेब कुठे दिसत नव्हता, फोन लागत नव्हता. एक हवालदार लेंड्यांकडे बघून म्हणाला, "सिस्टर, यातली तुमची पोरगी कुठली?" दुसरा हसला. साहेब हसले नाहीत, पण पुढच्या वेळी माझा फोन ते किती लवकर उचलतील हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मला भाऊसाहेबाचा इतका राग आला, की मी तिथेच मोठमोठ्याने बोलायला लागले. त्याने नामाला सावध केलं असणार. सरकारी माणसांपुढे माझं हसं करायचं, म्हणजे ही बाई परत या भागात पाऊल टाकणार नाही. सगळं जुळत होतं. आपल्याला आधीच शंका आली होती, याचं एक दुष्ट समाधानही वाटत होतं.

तेवढ्यात सिंधूबाई दारात आली. "वरडू नका," ती म्हणाली. "आत हाय. झोपलीय."

झालं होतं असं. उजाडता उजाडता नामाने जाळी काढायला घेतली. भाऊसाहेब त्याच्याशी हुज्जत घालत राहिला. चंद्री हंडा घेऊन पाण्याला विहिरीवर आली होती. सिंधूबाईने हंडा तिच्या डोक्यावरून उतरवला, पोरीचा दंड धरला तर चटका बसला इतका ताप. तिला सरळ घरात घेतलं आणि आतून कडी लावली. नामाने दार ठोठावलं. ती आतून म्हणाली, "तुझी पोर आसंल तर तिच्या आईला घेऊन ये, मंग देते." नामा शिव्या घालत मेंढ्या हाकत निघून गेला, आणि भाऊसाहेब मोटरसायकल काढून त्याच्या मागे गेला, म्हणजे तो कुठे जातो ते कळावं. डोंगराआड फोनला रेंज नव्हती.

हवालदाराने वही काढली. "म्हणजे तुम्ही दुसऱ्याची पोर घरात कोंडली?"

"पाव्हणी आली, जेवू घातलं," सिंधूबाई म्हणाली. "गुन्हा आसंल तर घाला."

साहेबांनी हवालदाराला वही मिटायला लावली.

पण पोर बाहेर यायला तयार होईना. ज्वारीच्या पोत्यांमागे बसली होती. मला बघितल्यावर सिंधूबाईचा पदर घट्ट धरून ओरडली, "ती नेईल! किडनी काढील!" नामाने तिला पढवून ठेवलं होतं, की मिशनवाले पोरं नेतात आणि किडन्या विकतात. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. सिंधूबाईने तिला मांडीवर घेतलं आणि मग मलाच विचारलं, "खरं सांगा. तुम्ही हिला किरिस्ताव करणार का?"

"नाही. तिचा देव तिचा. मोठी होईल तेव्हा तिचं ती बघेल."

"शप्पत घ्या."

"आमच्यात शपथ घेत नाहीत."

"बघा!" ती साहेबांकडे वळून म्हणाली. "म्हणजे काळंबेरं हाय."

खरोखरच आमच्यात शपथ घेत नाहीत. हो ते हो आणि नाही ते नाही, एवढंच. शेवटी मी म्हटलं, "माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. समितीने तिला आमच्याकडे ठेवलं तर तुम्ही येऊन बघा. न सांगता या."

"येणारच," सिंधूबाई म्हणाली.

नामा दुपारी पुढच्या गावात सापडला. ठाण्यात तो रडला. "मी बी ल्हानपणापून मेंढरामागंच हाय," म्हणाला. "मला कुणी न्यायला आलं नाय." त्याचं हे बोलणं खोटं नव्हतं. वळही खोटे नव्हते. खटला अजून चालू आहे.

चंद्रीची आई बुधी, घोटीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. बाप वारलेला. समितीपुढे ती कोपऱ्यात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. "मीच दिली," ती म्हणाली. "तिथं दोन टायम भाकर मिळंल म्हणला तो." मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आन ही बाई काय देणार? फुकाट कोण देतं?" समितीतल्या बाईंनी तिला समजावलं. आईकडे परत पाठवली तर पोर पुन्हा जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. खूप चर्चा झाली आणि चंद्री आमच्या वसतिगृहात आली. अट अशी, की धर्माच्या बाबतीत कुठलीही ढवळाढवळ नाही. अट माझीही तीच होती.

आमच्या वसतिगृहाच्या दिवाणखान्यात एक मोठं चित्र होतं. येशू मेंढपाळाच्या रूपात, हातात काठी, खांद्यावर कोकरू. आमच्याकडे देवाला मेंढपाळ म्हणतात. माझ्या लहानपणापासून घरोघर बघितलेलं, सगळ्यात मायेचं चित्र. चंद्री दारातून आत आली, चित्र बघितलं आणि उलट्या पावली मागे पळाली. फाटकापाशी दौलतने तिला अडवलं. "इथं बी मेंढका हाय," ती म्हणत होती. "काठी हाय त्याच्या हातात."

मी चित्र उतरवलं. पाळकसाहेबांना ते लागलं. "एका मुलीसाठी प्रभूची तसबीर काढायची?" ते म्हणाले. त्यांना चंद्रीचा फोटोही हवा होता, देणगीदारांच्या पत्रकासाठी, सुटका झालेली मुलगी म्हणून. मी नाही म्हटलं. "लोकांना कळायला नको का, आपण काय करतो ते?" ते माणूस वाईट नव्हते. पण पोरीचे वळ वाळले नव्हते आणि ते कॅमेरा कुठे लावायचा ते बघत होते. तेव्हापासून मी आमच्या माणसांकडेही त्याच नजरेने बघायला लागले, ज्या नजरेने भट्टीवाल्यांकडे बघायचे. चर्चमध्ये त्यामुळे मला काही जण दुरावले. त्याचं वाईट वाटतं, अजूनही. चित्र आता कार्यालयात आहे.

पहिले काही आठवडे चंद्री उशीखाली भाकरी लपवायची. उजाडण्याआधी उठून दाराशी उभी राहायची, कुणीतरी काम सांगेल म्हणून. सांगितलं नाही की तिला जास्तच भीती वाटायची.

आणि महिना व्हायच्या आत, न सांगता, भाऊसाहेब आणि सिंधूबाई फाटकात हजर झाले. चंद्री धावत जाऊन सिंधूबाईला बिलगली. भाऊसाहेब मात्र आत शिरला तो थेट स्वयंपाकघरात. डब्यांची झाकणं उघडून बघितली. मग झोपायची खोली. मग चंद्रीला समोर उभी करून चौकशी.

"टिकली कुठंय तुझी?"

"पडली."

"पडली का काढली?"

"न्हाताना पडली."

त्याने खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं. येतानाच घेऊन आला होता. "प्रार्थनेला बसवतात का?"

"नाय. तवा मी स्वयंपाकवाल्या मावशीकडं बसते."

"गाणी येतात का त्यांची?"

चंद्री म्हणाली, "दोन येतात. भिंतीपलीकडून ऐकू येतात."

भाऊसाहेबाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "भिंत जाड करू का?" सिंधूबाई पदर तोंडाला लावून हसली. तो हसला नाही.

दर महिन्याला ते आले. कांद्याच्या काढणीतही आले. मी खूप वर्षं हे काम केलं. मुलाला भेटायला येणारे देणगीदार पाहिले, रडणारे पाहुणे पाहिले, वाढदिवसाचा केक आणणारी गंगापूर रोडवरची कुटुंबं पाहिली. एकदा, फार तर दोनदा. आमच्यावर भरवसा नसलेली ही दोन माणसं मात्र चुकली नाहीत. आमच्या मुलींमध्ये चंद्रीचा भाव वाढला. "तिच्याकडे दर महिन्याला माणसं येतात," असं बाकीच्या मुली म्हणायच्या.

नाताळच्या नाटकाच्या वेळी पेच पडला. चंद्रीला नाटकात काम करायचं होतं. आमच्या शिक्षिकेने तिला मेंढपाळाचं काम दिलं. चंद्री म्हणाली, "मी मेंढ्या राखणार नाय." तिला देवदूत व्हायचं होतं, पंख होते म्हणून. आता आली का पंचाईत? मी भाऊसाहेबाला फोन केला. तो म्हणाला, "मी येऊन बघतो."

तो आला, मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला. नाटक संपल्यावर माझ्याकडे आला. "डावा पंख सुटला व्हता," म्हणाला. "नीट शिवत जा की."

उन्हाळ्याच्या सुट्टीत बुधी चंद्रीला न्यायला आली. समितीने परवानगी दिली. मी दिली नसती. पोर ती पुन्हा कुणाच्या तरी मेंढ्यांमागे देणार, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. चंद्री आईचं बोट धरून घोटीच्या बसमध्ये चढली आणि मला वाटलं, गेली.

सुट्टी अर्धी झाल्यावर मी आणि दौलत न सांगता पाड्यावर गेलो. बुधीच्या झोपडीच्या दाराला बाहेरून झाडाच्या फांद्या आडव्या लावलेल्या. चंद्री नाही. तिचा धाकटा भाऊ गणू, तोही नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "गाडी घेऊन माणूस आलता पोरं न्यायला." दौलत म्हणाला, "सिस्टर, बसा जरा." मी बसले आणि मनातल्या मनात बुधीला जे जे बोलले, ते इथे लिहीत नाही.

थोड्या वेळाने डोंगराकडून बुधी आली. डोक्यावर लाकडं. मागे चंद्री, आणि चंद्रीच्या पाठीवर गणू. आम्हाला बघून चंद्री झाडामागे थांबली, आणखी कोण आहे ते बघून घेतलं आणि मगच पुढे आली.

"माणूस आला होता म्हणे?" मी बुधीला विचारलं. आवाज माझा काही चांगला नव्हता.

"आलता. गणूला मागत व्हता. चंद्रीला बी." तिने लाकडं उतरवली. "चंद्री म्हनली, आयस, भावाला देशील तर मी बी जाईन संगती, मंग एकटी राहा. म्या दोघांना वर रानात दडवलं."

"आणि त्याला काय सांगितलंस?"

बुधी जमिनीकडे बघायला लागली. दौलतने तिच्या बोलीत परत विचारलं, तेव्हा बोलली.

"म्हनलं, पोरं नाय माझेकडं. मिशनवाल्या बाईनं नेली दोन्ही. किरिस्ताव केली. आता मलाच देत नाय, तुला कुठून देऊ?" ती थांबली. "लय शिव्या घातल्या त्यानं तुमाला. आन गेला गाडी घेऊन." मग पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून तिने विचारलं, "तुमाला राग तर नाय ना आला?"

हा आरोप अंगावर घेऊन मी ठाण्यांच्या बाकांवर बसले होते, गावांतून हाकलली गेले होते. तो खोटा आहे हे सांगता सांगता केस पांढरे झाले. त्याच आरोपाने त्या दिवशी दोन पोरं वाचवली. मी बुधीला म्हटलं, "पुन्हा आला तर पुन्हा तेच सांग. वाटलं तर आणखी वाईट सांग." मग तिने चुलीवर काळा चहा ठेवला. मी तो प्यायले.

गणूला पावसाळ्यात सरकारी आश्रमशाळेत घातलं. चंद्री सुट्टी संपल्यावर आपली आपण परत आली.

पुढच्या महिन्यात भाऊसाहेब आणि सिंधूबाई आले, तेव्हा मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. सिंधूबाईने डोळे पुसले. "शाणी हाय की तिची आई," म्हणाली. भाऊसाहेब मान खाली घालून ऐकत होता. जाताना तो फाटकापर्यंत गेला, थांबला आणि एकटाच परत आला.

"सिस्टर," तो हळू आवाजात म्हणाला, "ती खोटं बोलली ना पण? किरिस्ताव केल्याचं?"

"हो. खोटंच बोलली."

"नक्की खोटंच ना?"